प्रत्येक पुस्तकाला वाचक

आमच्या पेठेतलं वाचनालय ‘क’ वर्गातलं. 1967च्या कायद्यानंतर सरकारमान्य वाचनालयांचे अ ते ड असे वर्ग ठरले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. 1848 साली लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात नेटिव्ह लायब्ररी निघाली, त्या परंपरेचे आम्ही पाईक, असं कार्यवाह दर वर्धापनदिनी सांगतात. मग चहा येतो.

देवघेवीच्या खिडकीवर रंगनाथनांची पंचसूत्री फ्रेम करून टांगली आहे. मद्रासला गणित शिकवणारे हे गृहस्थ 1924 साली तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ही सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. तिसरं सूत्र म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. माझा कथासंग्रह त्यांच्या पाहण्यात आला असता, तर चार सूत्रांवरच भागवलं असतं.

यंदा मोजदादीच्या वेळी ग्रंथपालबाई म्हणाल्या, “जी पुस्तकं कुणी नेत नाही, ती बाद करायचीत.” मी कपाटाकडे धावलो. माझ्या पुस्तकामागच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता, तोही निम्मा चिठ्ठीबाहेर उमटलेला. टोपणनावाने लिहितो, त्यामुळे बाईंना पत्ता नव्हता. हे एका अर्थी बरंच.

दुसऱ्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना सभासद केलं. अनामत भरताना बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की पुस्तकाच्या मानधनाचा विषय निघायच्या आत मी पावती खिशात घातली. पुस्तक माझ्या नावावर परत करायचं, लगेच तिच्या नावावर घ्यायचं, मग मुलाच्या, मग सासूबाईंच्या. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. पण त्या रजिस्टरात मोतीबिंदूचा रकाना नाही. एकदा तारीख उलटली आणि स्वतःच्याच पुस्तकावर दंड भरला. सुटे नव्हते, म्हणून बाईंनी उरलेले पैसे खात्यावर जमा धरले. चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी डकवली. मी गुपचूप तिच्यावरून बोट फिरवलं, डिंक अजून ओला होता.

“हे नेऊन बघा हो,” एक दिवस बाईच मला म्हणाल्या, “फार खपतंय.”

मी नको म्हणणार, तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा उठले. “अहो, मी केव्हाची मागणी नोंदवलीय. दर वेळी बाहेर गेलेलं!”

माझा वाचक! जिवंत, काठीसकट! आणि त्याच्या वाटेत मीच सहकुटुंब उभा! मी दोन्ही हातांनी पुस्तक त्यांच्या हवाली केलं. त्यांनी चष्मा पुसला, दोन पानं वाचली, तिसरं उलटलं.

“छे! हा तो नव्हे. मला पाहिजे तो चांगलं लिहायचा. नावात गफलत झाली.”

पुस्तक खिडकीवर परत आलं. बाईंनी ते उचललं, शिक्का शाईत बुडवला आणि मला विचारलं,

“सासूबाईंच्या नावावर टाकू ना?”