व्याप्ती आणि मर्यादा

आमच्या कोगनोळीत आरआरसी म्हणजे काय, हे आता थांब्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक आहे. 'सरांची ती समिती की वं!' संशोधन व मान्यता समिती हे तिचं पूर्ण नाव. पीएच.डी.चा आराखडा घेऊन तिच्यापुढं उभं राहायचं, थोडा वेळ बोलायचं, विचारतील त्याची उत्तरं द्यायची आणि यायचं. पण सरांची तयारी बघितली तर वाटावं, हा माणूस महाजन आयोगापुढं सीमाभागाची बाजू मांडायला निघालाय.

विषय घरचाच. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठिय्या मारला, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच रस्त्यावर आज आमचा टोलनाका आहे. गाव या आंदोलनाला नुसतं 'रस्त्यावर बसलो तवा' म्हणतं. सरांचं शीर्षक मात्र एका दमात म्हणता येत नाही: 'निपाणी परिसरातील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या 1981 च्या आंदोलनाचा सामाजिक, आर्थिक व राजकीय परिणामांच्या विशेष संदर्भात चिकित्सक अभ्यास'. यातलं 'चिकित्सक' ठेवायचं की 'विश्लेषणात्मक' करायचं, यात एक अख्खी दिवाळी गेली. फराळाला आलेल्या साडूंनी चिवडा खाता खाता 'चिकित्सक'ला मत दिलं. साडू एसटीत कंडक्टर आहेत. सरांनी तेही वहीत टिपून घेतलं.

सरांचं बोलणं अलीकडे साधं राहिलेलं नाही. वहिनी म्हणाल्या, 'दूधवाला पाणी घालतोय,' तर सर म्हणतात, 'हे निरीक्षण झालं. निष्कर्ष नव्हे.' बेळगावहून लग्नपत्रिका आली तर, 'माझी व्याप्ती निपाणी तालुक्यापुरती आहे.' आणि पेन्शनीचा फॉर्म भरून द्या म्हणत कुणी दारात आलं, की लगेच 'मर्यादा' निघतात. फॉर्म मात्र भरून देतात, खाली पत्ता नीट पिनकोडसकट.

संध्याकाळी गच्चीवर तालीम असते. लॅपटॉप पाण्याच्या पिंपावर. समितीच्या अध्यक्षस्थानी वहिनी, मांडीवर सुपात शाळू. कोणते प्रश्न विचारायचे याची चिठ्ठी सरांनीच दिलेली. परवा मी वर गेलो तेव्हा गृहीतकांपर्यंत गाडी आली होती. वहिनींनी एक खडा बाजूला टाकला आणि विचारलं, 'आवं, पण ह्यात नवीन काय हाय?' सर गप्प. घाम पुसला. मग म्हणाले, 'हा प्रश्न कुणी सांगितला तुला?' वहिनींनी चिठ्ठी पुढं केली. तिसरा प्रश्न तोच होता.

खरी पंचाईत झाली ती तात्यांकडे. तात्या स्वतः रस्त्यावर बसलेले. पायलट स्टडी म्हणून सरांनी त्यांना प्रश्नावली वाचून दाखवली. 'आंदोलनामुळे शेतकऱ्यांचा आत्मविश्वास वाढला. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. एकावर खूण करा.'

'तटस्थ म्हंजे?'

'म्हणजे इकडंही नाही, तिकडंही नाही.'

'रस्त्यावर बसलेला माणूस तटस्थ कसा आसंल, सर?' तात्यांनी चंची उघडली. मग भाकरी कुठल्या गावातनं यायची, रात्री बैलगाड्यांखाली कोण झोपायचं, गोळीबाराच्या दिवशी आपण कुठं होतो, हे सगळं दिवेलागण होईपर्यंत सांगितलं. घसा भरून आला तेव्हा थांबले. सर हातात पेन धरून ऐकत होते. घरी येताना मला म्हणाले, 'फार मोलाचं बोलले. पण पाच पर्यायांत बसत नाही हो.' त्या रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत दिवा होता आणि तात्यांचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द उतरवून काढलं, हे मला वहिनींनी सांगितलं. म्हणून या माणसावर रागावता येत नाही.

बैठकीच्या दोन तारखा सरांनी आपणहून सोडल्या. तयारी कमी होती म्हणून नव्हे, जास्त झाली होती म्हणून. युजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यातला 'कमाल' हा शब्द ते जरा हळू म्हणतात.

शेवटी गेल्या महिन्यात गेले. पहाटे देवाला नारळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आराखड्याच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेनड्राइव्ह दोन. एक खिशात, एक वहिनींच्या आग्रहानं मोज्यात. दुपारी पानवाल्यापासून तात्यांपर्यंत सगळे थांब्यावर. कागलकडून एसटी आली, सर उतरले.

'काय झालं वं?'

'मंजूर. दुरुस्त्यांसह.'

'म्हंजे नापास?'

'छे! शीर्षक लहान करा म्हणाले. प्रश्नावलीपेक्षा मुलाखती घ्या म्हणाले.' बोलताना चेहरा असा फुललेला, की मंजुरीपेक्षा दुरुस्त्यांचाच आनंद जास्त असावा.

तात्यांनी काठी टेकली. 'मग माझ्याकडं परत येणार?'

'रविवारी येतो. रेकॉर्डर घेऊन.'

'या. पण जेवायलाच या. तुमच्या मर्यादा घरी ठेवून.'