सवलत पाऊण, पायरी पूर्ण

एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. उरलेले २५ टक्के मोजले की गाडीत बसता येतं, असा सवलती काढणाऱ्यांचा समज दिसतो. बसण्याआधी चढावं लागतं, ही बातमी मंत्रालयापर्यंत अजून पोचायची आहे. लालपरीची पहिली पायरी धडधाकट माणसालाही गुडघा उचलायला लावते. कुबडीवाल्याचं काय होतं हे बघायला कंडक्टरला सवड नसते, कारण मागून अख्खा आठवडी बाजार चढत असतो. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्याला अर्धं तिकीट. म्हणजे माणसाला उचलून वर चढवणाऱ्याला सरकार मजुरी तर देत नाहीच, उलट त्याच्याकडून निम्मं भाडं घेतं.

आमच्या गल्लीतल्या तात्यांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने नेला. पेपर मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात. अमेरिकेत १९९० साली दिव्यांगांसाठी कायदा झाला, हे त्यांना तिथूनच कळलं. ज्याला नेहमीच्या बसने जाता येत नाही त्याने तिथे एक अर्ज करायचा. तो पात्र ठरला की बससेवेनेच त्याच्यासाठी वेगळी छोटी गाडी पाठवायची, बसमार्गाच्या दोन्ही अंगांना पाऊण मैलापर्यंत. भाडं नेहमीच्या तिकिटाच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. आणि अर्जावर २१ दिवसांत निर्णय झाला नाही, तर तो होईपर्यंत माणूस पात्र धरून गाडी सुरू करायची.

इथे तात्यांनी पेपर खाली ठेवला. "निर्णय झाला न्हाई म्हणून गाडी सुरू? आपल्याकडं निर्णय झाल्यावरबी व्हत न्हाई!"

तात्यांना उगाच आपल्या राज्यकारभाराला नावं ठेवायची सवय आहे. मुदत आपल्याकडेही आहे. दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, म्हणजे युडीआयडी कार्डाचे, नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारले. तपासणी करून प्रमाणपत्र द्यायला पूर्वी एक महिना होता, तो सुधारून तीन महिने केला. आणि दोन वर्षांत निर्णय झालाच नाही तर अर्ज निष्क्रिय होतो, नव्याने करायचा. तिकडे साहेब झोपले की अर्ज जागा होतो; इकडे साहेबांबरोबर अर्जालाही डुलकी लागते.

कार्ड हवं तर तपासणीला जायला हवं. आष्टी तालुक्याच्या पार कडेच्या वाडीवरून बीडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत यायचं. कशाने? ज्या गाडीत चढता येत नाही हे दाखवायचं आहे, त्याच गाडीने. आलात तर बोर्डापुढचा माणूस मनात म्हणणार, आला की हा. नाही आलात तर गैरहजर. बीडला रेल्वे मंजूर झाली १९९५ साली आणि बीड-अहिल्यानगर पहिली गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणून दारात गाडीची घाई कुणी करू नये, असं एक जण म्हणाला. त्याचे दोन्ही पाय शाबूत होते.

कायद्यात कमी काहीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ सांगतं की वाहतुकीची साधनं दिव्यांगांना वापरता आली पाहिजेत. जुन्या गाड्याही बदला म्हणतं. फक्त ते तांत्रिकदृष्ट्या शक्य असावं, सुरक्षित असावं, परवडावं आणि गाडीच्या रचनेत मोठा फेरफार होऊ नये. इतक्या अटी आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाकडचेही घालत नाहीत. त्याआधी, ३ डिसेंबर २०१५ ला, सुगम्य भारत अभियान निघालं. त्यात सरकारी बसगाड्यांपैकी १० टक्के पूर्ण सुगम करायचं ठरलं होतं. तिकिटात ७५ टक्के, गाडीत १० टक्के. स्टँडवर उभं राहून नऊ गाड्या सोडायच्या आणि दहावीची वाट बघायची, असा याचा सरळ हिशोब निघतो.

आता कुणी म्हणेल, बीड जिल्ह्यात अशी अर्ज करून दारात गाडी मिळायची योजना एकदा काढून तर बघा. नको. अनुभव आहे. प्रमाणपत्राच्या बाबतीत हा जिल्हा मागासलेला नाही. २०२३ साली जिल्हा परिषदेच्या पन्नासहून अधिक शिक्षकांना निलंबित करावं लागलं. बदलीत सवलत मिळावी म्हणून लावलेली दिव्यांगत्वाची कागदपत्रं फेरतपासणीत टिकली नव्हती. बदल्यांचा हंगाम जवळ आला की संवर्ग एकमध्ये, म्हणजे बदलीत सवलत मिळणाऱ्या गटात, ऐकू कमी येऊ लागतं, नजर अधू होते, गुडघे आखडतात. सोयीची शाळा मिळाली की हवापालट झाल्यासारखी तब्येत सुधारते. दारात गाडीची योजना निघाली तर हीच मंडळी सगळ्यात आधी अर्ज भरणार, कारण धावत जाऊन रांग लावणं त्यांनाच जमेल. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला माणूस ट्रॉलीखाली सापडून एक पाय गमावून येतो, त्याच्यासाठी कुठल्याही बदलीत संवर्ग नसतो. त्याची बदली कोयत्यावरून थेट ओट्यावर होते.

तरीही, वाचकहो, आपल्या जिल्ह्यात ही सेवा नाही असं म्हणणं साफ खोटं ठरेल. ती आहे, आणि अमेरिकेला लाजवील अशी आहे. तिचा अर्ज नमुना १२-डी.

२०२४ च्या निवडणुका आठवा. बीड लोकसभेचं मतदान १३ मे ला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांपुढच्यांना घरबसल्या मत देता येणार होतं. अर्ज द्यायला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, घरी; भरलेला न्यायला बीएलओ घरी. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांची मुदत, आणि ती पाळली जाते! मग एके दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ कॅमेरावाला असं अख्खं पथक गाडी करून वस्तीवर. ज्याला केंद्रावरच जायचं असेल त्याने सक्षम ॲपवर नाव नोंदवायचं, न्यायला-आणायला वाहन मागायचं. केंद्रावर उतार बांधलेला, व्हीलचेअर तयार, ढकलायला स्वयंसेवक.

तात्या म्हणतात, "त्या येळंला मपला पाय सरकारला दिसला. दवाखान्यात जायचं म्हनलं की कामून दिसत न्हाई?"

याचं शासकीय उत्तर असं की मतदान हा लोकशाहीचा उत्सव आहे आणि फिजिओथेरपी नाही. आमची सूचना होती की जिल्हा रुग्णालयालाच मतदान केंद्र घोषित करावं आणि आठवड्याला एक पोटनिवडणूक लावावी. पण तिला खर्च फार येईल.

त्यापेक्षा स्वस्त उपाय जिल्ह्यातच आहे. जिल्हा निवडणूक अधिकारी आणि जिल्हाधिकारी ही दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असतात. कुठल्या वाडीवर कोण दिव्यांग मतदार आहे, याची यादी मतदानासाठी झालेलीच आहे. वस्तीपर्यंत गाडी जाते हे मतदान पथकाने सिद्ध केलं आहे. तालुके अकरा. तपासणीच्या दिवशी तालुक्याला एक याप्रमाणे अकरा गाड्या सोडायला आयोगाची अधिसूचना लागत नाही, साहेबांची सही लागते. साहेब, तेवढी करा.