अर्ध्या तासाची मोजणी

आमच्या गावाकडं बांध हातभर सरकवायचा तरी सोपं नसतं. मोजणीचा अर्ज करा, फी भरा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मग केव्हातरी भूकरमापक उगवतो, त्याला चहा पाजा, पंचांच्या सह्या घ्या. एवढं करून रोवलेले हद्दीचे दगड रात्रीतून चालू लागतात, तो भाग वेगळा. पण निदान विचारतात तरी.

कोरियाची मोजणी अर्ध्या तासात उरकली. १० ऑगस्ट १९४५ ची रात्र, गाव वॉशिंग्टन. जपान शरण यायच्या बेतात, रशियाची फौज कोरियाच्या वेशीवर आणि अमेरिकेची जवळातली जवळ फौज दूर ओकिनावात. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं, वाटणीची रेघ सुचवा. हाताशी नकाशा होता नॅशनल जिऑग्राफिकचा. अडतिसावा अक्षांश बरा दिसला. राजधानी सोल आपल्या हिश्श्यात येत होती. स्टालिननं हरकत घेतली नाही. हजार वर्षांहून अधिक काळ एकत्र खातं असलेल्या कोरियनांना नोटीस काही गेली नाही. (गेली असती तरी कोणाच्या नावे? त्याआधीची ३५ वर्षं सात-बारा जपानच्या नावावर होता.) हेच रस्क पुढे व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. अनुभवी माणूस कोण सोडतो?

दोन्ही थोरल्यांनी आपापल्या हिश्श्यात कारभारी बसवले. दक्षिणेत सिंगमन री, उत्तरेत किम इल सुंग. दोघांनाही सात-बारा अख्खा हवा होता. २५ जून १९५० ला किमनी बांध ओलांडला; रणगाडे स्टालिनचे, होकारही त्यांचाच.

गंमत पुढे आहे. लढाई तीन वर्षं पेटली, पण कागदोपत्री कोणीच लढत नव्हतं. अमेरिका दक्षिणेच्या मदतीला उतरली; याला 'पोलीस कारवाई' म्हणावं का, असं एका पत्रकारानं विचारलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन हो म्हणाले. आमच्या मराठवाड्यात 'पोलीस ॲक्शन' म्हटलं की निजामावरची १९४८ ची कारवाई आठवते; ती चार-पाच दिवसांत आटोपली होती. उत्तरेच्या मदतीला चीनच्या माओंनी लाखो सैनिक पाठवले, ते म्हणे 'स्वयंसेवक'. आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे मांडवात पाण्याचे पेले फिरवणारा. हे पेंग दहुआईंसारख्या मुरलेल्या सेनापतीच्या हाताखाली यालू नदी ओलांडून आले. त्यांत माओंचा मुलगाही होता. तो परतला नाही.

आणि रशिया? तो तर तिथं नव्हताच. चीनची खुर्ची माओंच्या सरकारला मिळत नाही म्हणून सुरक्षा परिषदेतून रुसून घरी बसला होता, म्हणून तर दक्षिणेच्या मदतीचा अमेरिकेचा ठराव नकाराधिकाराविना निघाला. आकाशात मात्र रशियन वैमानिक मिग उडवत होते. विमानांवर खुणा परक्या आणि रेडिओवर रशियन बोलायची मनाई. गोळ्या अंगावर येऊ लागल्या की मनाई विसरायची. मरताना परभाषेत ओरडणं कोणाला जमलंय?

सोलनं नऊ महिन्यांत चारदा मालक बदलले. जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी बसल्या आणि दोन वर्षं बसूनच राहिल्या. १० ऑगस्ट १९५१ ला, रेघेच्या बरोब्बर सहाव्या वाढदिवशी, दोन्ही पक्ष २ तास ११ मिनिटं एकमेकांकडे नुसते पाहत बसले. माझ्या मते सगळ्यांत कमी नुकसान करणारी बैठक तीच. २७ जुलै १९५३ ला तह नव्हे, फक्त युद्धबंदी झाली. तीवरही री यांची सही नाहीच. लाखो माणसं मातीत गेली आणि बांध जवळपास होता तिथंच. थोडी अदलाबदल झाली म्हणा. कैसाँग शहर युद्धाआधी दक्षिणेत होतं, नंतर उत्तरेत गेलं. तिथल्या माणसानं ओसरीवरून न उठता देश बदलला.

भाऊबंदकी अजून चालू आहे. दक्षिणेनं सीमेवरच्या गावात जवळपास शंभर मीटर उंच झेंडा उभारला, उत्तरेनं समोर १६० मीटरचा. २०२४ मध्ये उत्तरेनं फुग्यांना कचरा बांधून पलीकडे सोडला, दक्षिणेनं भोंगे लावले. अंगणात केर लोटायची ही रीत आपल्याला नवी नाही.

यात आम्हीही होतो. मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांची राखण १९५३ मध्ये भारताकडे आली. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, राखणदार फौजेचे प्रमुख आमच्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. री यांचा हट्ट असा, की भारतीय पाऊल दक्षिणेच्या मातीला लागता कामा नये. मग जवानांना बोटींवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही फौजांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात ठेवलं. सोवळं सोलमध्येही असतं. मध्यस्थाच्या दक्षिणेत दोन्हीकडच्या शिव्या आल्याच.

त्या हजारो कैद्यांत ८८ जण असे निघाले, की त्यांना हेही घर नको होतं आणि तेही. ते आपल्या फौजेबरोबर १९५४ मध्ये बोटीनं भारतात आले आणि त्यांतले बरेच पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. घरात पृथ्वीचा गोल असेल तर कोरियावर सुई टोचून आरपार घालवून पाहा. ती त्याच किनाऱ्यालगत कुठेतरी बाहेर निघते. त्याहून लांब जायला या पृथ्वीवर जागाच नव्हती.