दिवाळीपर्यंत निवांत व्हायचंय

हिंजवडीत पंधरा वर्षं संगणकासमोर घालवलेल्या माणसाला चाळिशीच्या सुमारास माती साद घालते. ती नेमकी अप्रेझल झाल्याच्या संध्याकाळीच साद घालते, हा निव्वळ योगायोग. शनिवारी तो मुळशीत जमीन बघतो, रविवारी टोकन देतो आणि सोमवारी ऑफिसात जाहीर करतो की, बस्स झाली धावपळ, आता संथ जगायचं. कधीपासून? दिवाळीपासून.

आधी कायदा आडवा येतो. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मग आजोबांचा शोध सुरू होतो. जिथे मुलांना आजवर एकदाही नेलेलं नाही अशा गावच्या सातबाऱ्यावर, डझनभर चुलतभावंडांच्या रांगेत, शेवटून दुसरं आपलं नाव सापडतं. वाट्याला येते ती बैलगाडी वळेल एवढी जागा, पण तेवढ्यावर माणूस शेतकरी ठरतो. ज्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला जायला सुट्टी मिळाली नव्हती, त्याला आता रोज सकाळी फोन जातो: तलाठी भेटला का?

दाखला हातात येण्याआधीच एक्सेल शीट तयार असते. पहिल्या तिमाहीत कुंपण, बोअर आणि शंभर झाडं. दुसरीत गाय, कोंबड्या, मधमाश्यांच्या पेट्या. तिसरीत घरचं तूप. चौथीत स्वयंपूर्णता, तिचा रकाना आधीच हिरवा रंगवून ठेवलेला. पावसाळ्याला शीटमध्ये रकाना नाही. मुळशीत पाऊस जून ते सप्टेंबर मुक्कामाला असतो आणि त्या काळात ट्रक बांधापर्यंत येत नाही, हे पहिल्याच जूनमध्ये सिमेंटच्या गोण्या जागेवर दगड झाल्यावर कळतं.

गाय मात्र येते. आणि ती गीरच असावी लागते, कारण व्हिडिओत गीर होती. गीर मूळची सौराष्ट्रातली, कोरड्या हवेची. सह्याद्रीच्या धो-धो पावसासाठी नाशिक-नगरच्या घाटमाथ्यावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डांगी गाय जोपासली. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही. पण डांगीचे कान लोंबत नाहीत आणि फोटो तिचा तितका येत नाही. त्यात आणलेली गीर निघाली कालवड. ती माजावर येणार कधी, गाभण राहणार कधी, त्यापुढे नऊ महिने नऊ दिवस. साहेबांनी गुरांच्या डॉक्टरला विचारलं, हे जरा लवकर नाही का होणार? नऊ बायका मिळून एका महिन्यात मूल होत नाही, हा विनोद हेच साहेब ऑफिसात मॅनेजरला दर महिन्याला ऐकवतात.

अख्ख्या शेतीत दिलेल्या तारखेला हजर होणारी वस्तू एकच, ती म्हणजे जीवामृत. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवली, की दोन-तीन दिवसांत काम फत्ते. साहेबांना इतकं समाधान आजवर कशानेच मिळालं नव्हतं. म्हणून ते दर शनिवारी एक पिंप भरतात. झाडं शंभर, पिंपं आठ, आणि घरी भजी बंद.

वाचनही जोरात चालतं. उशाशी जपानी शेतकरी-लेखक मासानोबू फुकुओका असतात. त्यांचं गवताच्या काडीवरचं पुस्तक जपानीत 1975 साली आलं, आणि 'काहीही न करता शेती' एवढंच त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं. काहीही न करणं हे आपल्याला जमण्यासारखं आहे, असं प्रत्येकाला वाटतं. त्याच पुस्तकात म्हातारा सांगतो की, सुरुवातीला त्याने वडिलांची संत्र्यांची बाग अशीच सोडून दिली आणि ती वाळून गेली. काही न करायला शिकण्यात त्याची तीसेक वर्षं गेली. साहेब त्या पानावर पोचलेले नाहीत. ते थेट निष्कर्षावर गेले, सवयच आहे.

आता हापूस. कलम लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर येतो आणि तो खुडून टाकायचा असतो. पहिली तीन-चार वर्षं झाडाने फळ धरायचं नसतं, अंग धरायचं असतं. जमीन ज्यांच्याकडून घेतली ते मामा आता तिथेच राखण करतात. ते म्हणाले, "सायेब, औंदा मोहोर खुडा. पोर उभं तर राहू द्या."

साहेबांचा चेहरा पडला. "मामा, फोटो टाकलाय मी. आंबे येणार म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

मोहोर राहिला. चार कैऱ्या धरल्या, तीन गळाल्या, एक माकडाने खाल्ली. मग साहेबांनी नर्सरीतून 'तयार झाडं' मागवली. नर्सरीवाल्यांना शहरी माणसाची नस बरोबर सापडलेली आहे. बारा फुटांचं झाड पिशवीसकट क्रेनने येतं आणि दुपारी उभं राहतं. पिशवीत मुळांनी गोल-गोल फिरून स्वतःलाच आवळून घेतलेलं असतं, ते दिसत नाही. दिसते ती सावली, आणि सावलीत खुर्ची टाकता येते.

पैशाने होण्यासारखं सगळं वेळेत झालं, हे मान्य केलं पाहिजे. गेट झालं. गेटवर 'निवांत' अशी पितळी पाटी लागली. पिझ्झाची भट्टी झाली, ती तर दिवाळीच्या आठ दिवस आधीच. रखडलं ते फक्त जिवंत होतं तेवढंच.

आणि मामा? 1921 साली याच मुळशीत धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. त्यांच्या पणतवंडांच्या पिढीला जमीन गुंठ्यावर मोजून द्यावी लागते, कारण भात परवडत नाही आणि पोराला हिंजवडीजवळ फ्लॅट हवाय, दिवाळीपर्यंत. मामांना त्यांच्याच बांधावर खुर्ची मिळालीय, महिन्याला पगार आहे. आयुष्यभर पाऊस, भात, व्यापारी आणि तलाठी यांची वाट बघितलेला हा माणूस इथे एकमेव अनुभवी कर्मचारी. पण वाट बघण्याला एक्सेलमध्ये रकाना नसल्याने त्यांचं पद 'वॉचमन' असं आहे.

साहेब चौथ्या वर्षी थकले. जाहिरात परवाच पाहिली: 'तयार फार्महाऊस, पिझ्झा भट्टीसह, हापूसची कलमं फळावर आलेली, मालक परदेशी जात असल्याने त्वरित विकणे.' गिऱ्हाईक लगेच मिळालं, बाणेरचं. मामांनी त्यांना कौतुकाने कलमं दाखवली, म्हणाले, पुढच्या मेमध्ये आंबा खाल. नव्या साहेबांनी टेप काढून दोन झाडांमधलं अंतर मोजलं आणि विचारलं, इथे स्विमिंग पूल बसेल का, दिवाळीपर्यंत?