आषाढातला ऊस

आमच्या घरात सध्या सतरा शाली आहेत. अठरावी होती, ती शेजारच्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा हिनं परस्पर देऊन टाकली. पुण्याच्या हवेत शाल पांघरावी असे दिवस वर्षाला फार तर पंधरा-वीस. पण मराठी लेखकाचा सत्कार करताना हवामान बघायचं नसतं. भर एप्रिलात, पत्र्याच्या सभागृहात, पंखा फक्त अध्यक्षांकडे तोंड करून असताना मी शाल पांघरून बसलो आहे आणि फोटोवाला "झालं सर" म्हणेपर्यंत ती खांद्यावरून ढळू दिलेली नाही. शालीचं एक बरं असतं, एकदा घडी घातली की ती कोणत्या गावची हे ओळखू येत नाही. नारळाला तेवढी सवड नसते. त्यामुळे हंगामात (आमचा हंगाम डिसेंबर ते मार्च, त्यात २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन म्हणजे जादा हप्ता) आमच्याकडे आमटीपासून वड्यांपर्यंत सगळ्यात ओलं खोबरं. "तुम्ही साहित्यिक झालात आणि माझं कोलेस्टेरॉल वाढलं," असं ही म्हणते. डॉक्टरांनाही तिनं हेच कारण सांगितलं आहे.

एवढा मान कशाबद्दल, तर पाच पुस्तकांबद्दल. पाचही ललित लेखांची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतरच्या दहा दिवसांत माझे तीन सत्कार झाले. अभिजात होण्यात माझा हातभार काय, हे मी एका संयोजकांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "हॉल आधीच बुक होता, सर."

अलीकडे पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायची चांगली रीत पडली आहे. एका तालुक्याच्या गावी मला माझंच पुस्तक भेट मिळालं. रंगीत कागदात गुंडाळलेलं होतं, त्यामुळे घरी येऊन सोडेपर्यंत उत्सुकताही टिकली. मार्चअखेर प्रकाशकांचा हिशेब आला, त्यात त्या प्रतीची रॉयल्टी असणारच. किंमत दोनशे वीस, दहा टक्क्यांनी बावीस रुपये. त्या खेपेला स्टँडपासून सभागृहापर्यंत रिक्षाचे साठ झाले होते आणि ते मी दिले होते. आकडे लिहायला नकोत, पण लेखकाच्या सार्वजनिक जीवनाचा ताळेबंद बहुतेक या चालीनंच जुळतो.

परिचय करून देणारे गृहस्थ हा त्यातला वेगळा अध्याय. "यांना परिचयाची गरज नाही" या वाक्यानंतर ते वीस मिनिटं बोलतात. एकदा अशाच एका सद्गृहस्थांनी माझ्या नावावर एक कादंबरी चढवली. मी कादंबरी लिहिलेली नाही. पण तोवर टाळ्या पडल्या होत्या, आणि पडलेल्या टाळ्या परत करायला फार मोठं मन लागतं. मी मान किंचित झुकवली. कार्यक्रमानंतर दोघांनी भेटून ती कादंबरी वाचल्याचं सांगितलं. त्यातल्या एकाला शेवट पटला नव्हता.

अशा वेळी मला जी. ए. कुलकर्णी आठवतात. धारवाडला इंग्रजी शिकवणारा हा माणूस व्यासपीठापासून जन्मभर लांब राहिला. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी तो परत करून टाकला. दिसायचं नाही, पत्रं मात्र भरभरून लिहायची. ती पुढे खंड काढून छापावी लागली. दुसरं टोक म्हणजे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर. हे तिघे गावोगाव कविता वाचत हिंडले आणि कवितेसाठी लोकांनी मैदानात सतरंज्यांवर मांडी ठोकली. मला दोन्ही टोकं सारखीच हेवा वाटण्याजोगी वाटतात, कारण दोन्हीकडे आधी लेखन होतं. लोकांनी वाचलं होतं म्हणून त्यांना लेखक बघायचा होता. माझ्या सभेतल्या निम्म्या लोकांनी मला बघितलेलं असतं, आणि आता वाचण्याची तेवढी निकड उरलेली नसते.

हे मी एकदा आमच्या प्रकाशकांपाशी बोललो. गृहस्थ तिसऱ्या पिढीतले, मला लहान पण व्यवसायानं थोरले. त्यांच्या आजोबांच्या काळी एका पुस्तकाचे खिळे जुळवायला महिने लागत, आवृत्ती हजाराची निघे आणि उरलेल्या फर्म्यांचे गठ्ठे त्यांच्या आजीच्या माजघरात रचलेले असत. हजार संपले की दुसरी आवृत्ती. ती काढायचं भाग्य येईलच असं नव्हतं; आलं तर पेढे. मधल्या काळात हजाराचे पाचशे झाले, पाचशेचे तीनशे. आता डिजिटल यंत्रावर मागणी येईल तशा प्रती निघतात. त्यामुळे 'आवृत्ती' या शब्दाचं वजन कोणत्या तराजूत करावं हे मला कळेनासं झालं आहे. माझ्या शेवटच्या पुस्तकावर 'सातवी आवृत्ती' असं छापलंय. सातव्या आवृत्तीच्या प्रती किती, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सर, सात हा आकडा छान आहे ना?"

त्यांची मी टिंगल करतोय असं कुणी समजू नये. कागद महागलेला, दुकानदाराचं कमिशन ठरलेलं, ग्रंथालयांचं अनुदान कधी येईल ते सरकारला ठाऊक, आणि पुस्तक गाजलंच तर पंधरा दिवसांत त्याची पीडीएफ घरोघर. "सर, तुमचं पुस्तक फार आवडलं, पीडीएफ आमच्या सगळ्या ग्रुपवर टाकली," असं मला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी भर सभेत सांगितलं, आणि मी त्यांचे आभार मानले. यातून मार्ग काढायचा तर लेखकानंच पुढे यायला हवं, असं प्रकाशकांचं म्हणणं. पुढे म्हणजे फोनच्या पुढे. तीस सेकंदांत पुस्तक सांगायचं. मी माझ्या गावच्या पारावरच्या एका संध्याकाळीवर अकरा पानं लिहिली आहेत. ती तीस सेकंदांत सांगायची तर "संध्याकाळ झाली" एवढंच उरतं. तरी केलं. तीन वेळा, कारण दोनदा मागे कुकरची शिट्टी झाली. माझी भाची ती संध्याकाळ कानात घालून दीडपट वेगानं ऐकते. पार, पारावरचे म्हातारे, गुरांची धूळ, सगळं स्वारगेटला सुरू होतं आणि कात्रजला संपतं. "मामा, छान आहे, पण तू फार हळू लिहितोस," असा तिचा अभिप्राय.

लेखकांनी एकत्र जमायचं आपल्याकडे ठरलं तेही खरं तर पुस्तकांच्या काळजीपोटीच. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी १८७८ साली पुण्यात पहिली सभा भरवली, तिचं नावच ग्रंथकारांचं संमेलन होतं. ग्रंथ निघावेत आणि खपावेत ही चिंता. १८८५ च्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं, आणि न गेलेल्या माणसाचं ते पत्र त्या सभेतल्या भाषणांपेक्षा जास्त वाचलं गेलं. आमंत्रण नाकारण्यातही एवढी ताकद असते, हे मला माहीत आहे. पण माझ्याकडून नकार जात नाही. फोन आला की मी आधी डायरी उघडतो आणि मग विचार करतो.

तसाच यंदा फेब्रुवारीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावी गेलो. क वर्गाचं ग्रंथालय. वर वाचनकक्ष, खाली सोसायटीचं खताचं गोदाम, त्यामुळे कादंबऱ्यांनाही युरियाचा थोडा वास. पण त्या भागाला वाचनालयाचं अप्रूप जुनं आहे. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, आणि महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ ला झाला त्याआधी बावीस वर्षं कोल्हापूर संस्थानानं स्वतःचा केलेला. हे सगळं मी भाषणात सांगितलं, ते गावाला माहीत होतं. परिचय, शाल, नारळ, आभार यथासांग पार पडलं. चहा आला.

तेवढ्यात मोटारसायकलची चावी बोटात फिरवत एक गृहस्थ टेबलापाशी आले. हातात ग्रंथालयाची प्रत. माझ्या दुसऱ्या पुस्तकाची, हजाराच्या काळातली, दोऱ्यानं शिवलेली. कव्हरला खाकी पुठ्ठा, मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर नऊ शिक्के.

"सर, पान एकशे बारा."

मला वाटलं, सही हवी असेल. मी पेन काढलं.

"सही नगं. ह्ये बघा. आषाढात तुमी उसाच्या गाड्या भरून सोडल्यात."

मी पाहिलं. झडीचा पाऊस, चिखलात रुतणारी चाकं, बैलांच्या शिंगांवरून ओघळणारं पाणी आणि उसानं भरलेल्या गाड्या. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आषाढात तोड? कारखाना बंद.' शेजारी वेगळ्या अक्षरात: 'बरोबर.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात: 'लेखक पुण्याचे आहेत.'

"कारखाना दसरा-दिवाळीच्या फुडं पेटतोय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "उनाळा लागला की बंद. आषाढात आडसालीची लागण असती, तोड नसती. तुमी कशाला घातलं तितं?"

खरं उत्तर असं होतं की 'आषाढ' आणि 'ऊस' हे शब्द शेजारी शेजारी कानाला बरे लागले. ते मी त्या खताच्या वासात उच्चारू शकलो नाही. बारा वर्षांत त्या पानाची तारीफ करणारे खूप भेटले होते. एका समीक्षकांना त्यात ग्रामीण संवेदनेचा प्रत्यय आला होता.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी गंभीरपणे विचार केला. चावी दोनदा फिरली. "गाड्या ऱ्हाऊ द्या. बैल ऱ्हाऊ द्या. नुसतं ऊस काढा आन् बेणं घाला. लागणीला बेणं न्यायला लागतंच की."

एका शब्दाची दुरुस्ती. आजोबांच्या काळी अशा चुका दुसऱ्या आवृत्तीची वाट बघत किंवा शुद्धिपत्राच्या चिटोऱ्यावर जात. मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. ते खूश झाले. "मग काय सर! फाइलमध्ये बदललं की झालं. उद्या निघणाऱ्या प्रतीत दुरुस्त." पाच मिनिटांनी पुन्हा त्यांचाच फोन. "सर, अक्षरजुळणीवाली मुलगी विचारतेय, 'बेणं भरलेल्या गाड्या'? ती म्हणते, शिवी वाटते. काय बेणं आहे, असं म्हणतात ना, तसं."

मी फोनवर हात ठेवून त्या गृहस्थांना हे सांगितलं. ते इतके मोठ्यानं हसले की चहा देणारा पोरगा थबकला. "त्यास्नी म्हणावं, तुमचं तुमी बघा. आमच्यात बेण्यालाबी बेणंच म्हंत्यात आन् आमच्या थोरल्यालाबी."

तेव्हापासून माझं ते पुस्तक दोन तऱ्हेचं आहे. जुन्या प्रतींत कानाला गोड आणि शेताला खोटं वाक्य, नव्यांत उलट. पुढे कुणी प्रबंध लिहिलाच तर त्याची धांदल उडणार आहे, पण ते लांबचं झालं. सध्या मला एवढंच वाटतं, की नऊ शिक्क्यांतला एक तरी त्यांचा असणार, आणि मला मिळालेल्या सतरा शालींपैकी एकही पान एकशे बारापर्यंत पोहोचलेली नव्हती.

त्या भरात मी खांद्यावरची अठरावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. फोटोवाला मोबाइल सरसावून पुढे आला. ते दोन पावलं मागे सरले.

"शाल नगं सर. दोन टर्म सोसायटीचा चेरमन हुतो. घरात पंचवीस पडून हायत्या."

नारळ मात्र घेतला.