चार्टरकर

चार्टरकर हे आडनाव नाही, पद आहे. ह्यूस्टनमधल्या मराठी मित्रमंडळांत दर मंडळामागे एक चार्टरकर असतोच. वय पंचेचाळीस ते साठ, नोकरी तेलाच्या नाहीतर संगणकाच्या कंपनीत, घराचे हप्ते बहुतेक फिटलेले, मुलं कॉलेजात. गावी राहिला असता तर तो गणेशोत्सवाचा खजिनदार झाला असता, किंवा अष्टविनायकाच्या बसच्या दाराशी यादी घेऊन उभा असलेला दिसला असता. ह्यूस्टनमध्ये बसला कोणी यादी लागू देत नाही, म्हणून तो समुद्राकडे वळतो. गॅल्व्हेस्टन बेट तिथून साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. तिथे मासे गरवायला बोट भाड्याने मिळते; बोटीबरोबर कॅप्टन, काठ्या, गळ, आमिष आणि सल्ला मिळतो. या सगळ्याला मिळून चार्टर म्हणतात. बोट कॅप्टन चालवतो, मासा आपण होऊन गळाला लागतो. चार्टर मात्र कोणीतरी ‘कर’ म्हटल्याशिवाय होत नाही. ते जो करतो तो चार्टरकर.

त्याचा हंगाम जानेवारीत उघडतो, कारण माशाचा हंगाम फेब्रुवारीत असतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ब्लॅक ड्रम जातीचे थोराड मासे अंडी घालण्यासाठी खाडीच्या तोंडाशी जमतात. गॅल्व्हेस्टनच्या खाडीमुखाशी दोन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेले ग्रॅनाइटचे लांबच लांब बांध आहेत. त्या खडकांच्या कडेने हे मासे फिरतात, आणि त्यांच्या मागे बोटी. माशाचं शास्त्रीय नाव पोगोनियास क्रोमिस. पोगोनियास म्हणजे दाढीवाला. हनुवटीखाली मिशांच्या झुपक्यासारखे धागे लोंबतात, त्यांनी तो तळ चाचपतो. घशात दातांची जाती असतात, त्यांत कालवं आणि खेकडे कवचासकट भरडले जातात. लहानपणी अंगावर उभे काळे पट्टे असतात, वयाबरोबर ते पुसले जातात. हा मासा पन्नासहून अधिक वर्षं जगू शकतो, त्यामुळे गळाला लागलेला मासा चार्टरकराच्याच वयाचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. जागतिक विक्रम १९७५ सालचा आहे: डेलावेअर राज्यातल्या लुइसजवळ पकडलेला ११३ पौंड १ औंसाचा, म्हणजे एक्कावन्न किलोंहून जड मासा. रूप बेताचं. तिथले कोळी त्याला कौतुकाने ‘बिग अग्ली’ म्हणतात.

नावातला ड्रम ढोलाचा. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून हा मासा घुमल्यासारखा आवाज काढतो. विणीच्या दिवसांत तर रात्रभर. फ्लोरिडातल्या केप कोरल शहरात कालव्याकाठच्या घरांत लोकांना रात्री भिंतीतून ठोके ऐकू यायचे. संशोधकांनी कालव्यात ध्वनिग्राहक सोडले तेव्हा ठोके ब्लॅक ड्रमचे निघाले. मराठी घरात मात्र ड्रम या शब्दाचा अर्थ पाण्याचं पिंप असा पक्का झालेला आहे. त्यामुळे “यंदा ब्लॅक ड्रम धरायचाय” असं चार्टरकराने आईला फोनवर सांगितलं, की पलीकडून काळजीचा स्वर येतो, “अरे, तिकडेही पाणी एक दिवसाआडच येतं का?”

पहिली पायरी गिऱ्हाईक जमवण्याची. चार्टरकर व्हॉट्सअॅपवर नवा गट काढतो, त्याला ‘चलो गॅल्व्हेस्टन’ असं नाव देतो आणि पहिल्याच संदेशात मुद्द्याला हात घालतो: ब्लॅक ड्रम हा घोळ आणि ढोमा यांच्याच कुळातला. हे खरं आहे. तिन्ही मासे सायनिडी कुळात मोडतात. पुढचं वाक्य त्याचं स्वतःचं असतं: “म्हणजे आपली घोळच, फक्त अमेरिकेत वाढलेली.” घरोघरी तशीच मुलं असल्यामुळे हा मुद्दा सर्वांना पटतो. तीस जण अंगठा दाखवतात. पैसे मागितल्यावर त्यांतले नऊ उरतात. पक्की तारीख सांगितल्यावर चार. मग बोटीवरच्या सहांपैकी उरलेल्या दोन जागांसाठी फोन सुरू होतात, आणि चार्टरकराची खरी गरवण्याची कला इथेच दिसते. दोर ढिला सोडायचा, समोरचा “बायकोला विचारून सांगतो” म्हणाला की ताण द्यायचा नाही, आणि तो होय म्हणाला की त्याच क्षणी पैसे पाठवायचा क्रमांक टाकायचा.

दुसरी पायरी कॅप्टन निवडण्याची. चार्टरकर अकरा कॅप्टनांची तुलना करणारा तक्ता एक्सेलमध्ये बनवतो. रकाने असे: भाडं, तास, बोटीची लांबी, इंजिनाची ताकद, शौचालय आहे की नाही, ग्राहकांचे अभिप्राय, आणि छायाचित्रातला मासा खरोखर मोठा आहे की हात पुढे करून धरलाय. अभिप्राय तो शेवटून वाचतो, म्हणजे आधी वाईट. एखाद्याने “कॅप्टन फार बोलत नाही” अशी तक्रार केली असेल, तर ती गुणात धरायची की दोषात, यावर एक संध्याकाळ जाते.

मग फोन. कॅप्टन सकाळी पाण्यावर असतो, म्हणून फोन संध्याकाळी. चार्टरकराचे प्रश्न तेवीस, कॅप्टनची उत्तरं बहुतेक एकेका शब्दाची. मासा मिळण्याची हमी आहे का? हमी हवी असेल तर मासळीबाजार आहे. आठ तासांऐवजी सहा तास घेतले तर भाडं त्या प्रमाणात कमी होईल का? नाही. सहा जण आणले तर घाऊक दर? उलट, चारांच्या पुढे माणशी जास्त. अनामत परत मिळते का? कॅप्टनने हवामानामुळे फेरी रद्द केली तर मिळते, गिऱ्हाइकाने केली तर नाही. पाऊस पडला तर? पाऊस म्हणजे हवामान नव्हे. वारा म्हणजे हवामान. हे वाक्य चार्टरकराच्या मनावर कोरलं जातं. त्या दिवसापासून तो वाऱ्याचे अंदाज दिवसातून सहा वेळा पाहतो आणि उत्तरेकडून थंड झोत आला की खाडीतलं पाणी कसं बाहेर ढकललं जातं, हे ऑफिसच्या बैठकीत समजावून सांगतो.

तिसरी पायरी सहाच्या आकड्याची. अशा बोटींच्या कॅप्टनांकडे अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा जो परवाना असतो, त्यात भाडं देणारे जास्तीत जास्त सहाच प्रवासी बसवता येतात. बोलीभाषेत त्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. चार्टरकराच्या यादीत या सुमारास सात नावं झालेली असतात, कारण आधी नाही म्हणालेला एक जण बायकोला विचारून आलेला असतो. कधी सातवा म्हणून एखाद्याचा आठ वर्षांचा मुलगा निघतो. “तो काय, मांडीवर बसेल,” ही एसटीतली तोड इथे चालत नाही. तटरक्षक दलात अर्धं तिकीट नाही. तान्हं मूलही एक प्रवासीच. अशा वेळी चार्टरकर उदार होतो आणि यादीतून असं नाव गाळतो, ज्याने अजून पैसे भरलेले नाहीत.

चौथी पायरी मासेमारीच्या परवान्याची, आणि हिच्यात दरवर्षी कोणीतरी अडकतो. फ्लोरिडात चार्टरच्या बोटीचा परवाना प्रवाशांनाही लागू होतो; टेक्सासमध्ये कॅप्टनचा परवाना कॅप्टनपुरता असतो. सतरा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला राज्याच्या टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा स्वतःचा, खाऱ्या पाण्यात चालणारा परवाना लागतो. सहांपैकी एकाचा मेव्हणा फ्लोरिडातल्या टँपात राहतो आणि त्याने “परवाना-बिरवाना काही लागत नाही” असं छातीठोक सांगितलेलं असतं. आदल्या रात्री साडेअकराला हा माणूस फोन करतो. चार्टरकर जागाच असतो. त्याने त्या माणसाचाही एक दिवसाचा परवाना काढून ठेवलेला असतो आणि त्याचे पैसे हिशेबात ‘किरकोळ’ या सदरात टाकलेले असतात.

पाचवी पायरी सामानाची. मंडळी निघतात ती थालीपीठं, चटणी, दोन थर्मास चहा, उलटीवर उपाय म्हणून आलेपाक, आणि प्रवासाला सोयीची म्हणून डझनभर केळी घेऊन. धक्क्यावर कॅप्टन पहिल्यांदा संपूर्ण वाक्य बोलतो, आणि ते केळ्यांबद्दल असतं. बोटीवर केळं आलं की मासा येत नाही, अशी अमेरिकी दर्यावर्दींची जुनी समजूत आहे. ज्या समाजात सत्यनारायण केळीच्या खांबांशिवाय बसत नाही, त्याला हे पचायला जड जातं. केळी धक्क्यावर राहतात. केळ्याचे वेफर्स कोणत्या वर्गात मोडतात यावर वाटाघाटी होतात. ते तळलेले असल्यामुळे केळं मेलेलं आहे, हा चार्टरकराचा युक्तिवाद कॅप्टन फेटाळतो. काही कॅप्टन तर उन्हाचं मलमसुद्धा ‘बनाना बोट’ या कंपनीचं असेल तर ठेवून यायला सांगतात.

बोट वेळेवर सुटते, कारण वेळ कॅप्टनची असते. बांधाजवळ नांगर पडतो. पलीकडच्या खोल वाटेने ह्यूस्टनकडे जाणारी अजस्र जहाजं सरकत असतात, आणि त्यांच्या लाटा आल्या की आलेपाकाची मागणी वाढते. मग कॅप्टन बादलीतून जिवंत निळी चिंबोरी काढतो, सुऱ्याने तिचे दोन भाग करतो आणि अर्धी गळाला ओवतो. ब्लॅक ड्रमला याहून आवडतं आमिष नाही. बोटीवर शांतता पसरते. ही शांतता निसर्गाची नव्हे. सहा जणांच्या मनात एकच विचार असतो, की रश्शाची एवढी भरलेली चिंबोरी माणूस समुद्रात कशी टाकू शकतो. दुसरी चिरताना एक जण तोंड फिरवतो.

गळ वर्तुळाकार असतो. मासा लागला की हिसका द्यायचा नसतो, नुसतं रीळ फिरवत राहायचं, म्हणजे गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. चार्टरकराने यावर सात व्हिडिओ पाहिलेले असतात आणि सर्वांना तशी ताकीद दिलेली असते. पहिली काठी वाकते तेव्हा हिसका तोच देतो. मासा जातो. दुसरी काठी वाकते ती टँपाच्या मेव्हण्यावाल्याची, ज्याने कोणताच व्हिडिओ पाहिलेला नसतो. ब्लॅक ड्रम उड्या मारत नाही, चमकत नाही. तळाशी बसून वजन टाकतो. डबक्यात बसलेली म्हैस शेपटीला धरून ओढावी तसा तो पाव तास जातो. पाचजण सूचना देतात. चार्टरकर काठीला हात लावत नाही. तो जाळीवाल्याला जागा करतो, मोबाइल आडवा धरतो आणि कोणाचं डोकं मध्ये येत नाही ना ते पाहतो.

मासा वर येतो: वीस किलोंच्या आसपास, राखाडी-काळा, दाढीवाला. आणि हातात धरल्यावर तो घुमतो. पोटातून येणारा तो ठोका हाताला आधी कळतो, कानाला मग. बोटीवरची एकूण बडबड तेवढा वेळ थांबते. वर्षभर सूचना देणारा चार्टरकरही त्या अवधीत एकही सूचना देत नाही, आणि त्याच्या कारकिर्दीतली ही एकमेव नोंदलेली शांतता होय.

ती कॅप्टनच्या मोजपट्टीने मोडते. टेक्सासचा नियम असा: चौदा इंचांहून लहान ब्लॅक ड्रम सोडायचा, चौदा ते तीस इंचांचे दिवसाला पाचपर्यंत ठेवता येतात, त्या पाचांत एक बावन्न इंचांहून मोठा चालतो, तीस ते बावन्न इंचांमधले सगळे परत पाण्यात. पुढची पिढी जन्माला घालणारे मासे याच मापात असतात, आणि विणीच्या हंगामात बांधाशी तेच जमतात. म्हणजे ज्याच्यासाठी चार्टर केलं, तो मासा घरी नेता येत नाही. चार्टरकराला हे जानेवारीपासून ठाऊक असतं, एक्सेलच्या दुसऱ्या पानावर ते लिहिलेलंही असतं; पण गटात सांगितलेलं नसतं. विचारणा झाली की तो सांगतो, मोठ्या ड्रमचं मांस चरबट असतं, त्यात किडेही निघतात. हेही खरंच असतं. ते खोट्या सांत्वनासारखं वाटतं ही त्याची चूक नाही. मासा उभा धरून पाण्यात हलवला जातो, दम आल्यावर शेपटीचा एक फटकारा मारून निघून जातो.

धक्क्यावर परतल्यावर बक्षिसीचा प्रश्न उभा राहतो. कॅप्टनला भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के द्यायची रीत आहे. कोणी साडेसतरा सुचवतो, कोणी अनामतीचा भाग वजा करून टक्के काढायला सांगतो. चार्टरकर वीस टक्के आधीच लिफाफ्यात घालून आलेला असतो आणि चर्चा फक्त लोकशाहीसाठी चालू देतो. लिफाफा देताना तो एकच गोष्ट मागतो: बादलीत उरलेल्या चिंबोऱ्या. कॅप्टन खांदे उडवून बादली पुढे करतो. त्या रात्री चार्टरकराच्या घरी सहा कुटुंबं चिंबोऱ्यांचा रस्सा खातात, आणि एकूण खर्चाला चिंबोऱ्यांच्या संख्येने भागल्यास काय आकडा येतो, हे गणित कोणी मोठ्याने करत नाही.

हिशेब मध्यरात्रीपूर्वी गटात पडतो. भाडं, बक्षिसी, परवाने, पेट्रोल, थर्मासचं फुटलेलं झाकण, किरकोळ. शिल्लक तीन डॉलर चाळीस सेंट. सहांत वाटली तर माणशी छप्पन्न सेंट येतात आणि चार सेंट उरतात. असे पैसे परत करणं बरं दिसत नाही, म्हणून शिल्लक पुढच्या फेब्रुवारीच्या पानावर ओढली जाते. टँपाचा मेव्हणावाला सोडून सर्वजण अंगठा दाखवतात. त्याचा संदेश येतो दोन मिनिटांनी: त्याला पुढच्या वर्षी मुलालाही आणायचं आहे. चार्टरकर यादी उघडतो. सात नावं झालेली असतात.