हिरकणीवर गुन्हा

लोणावळ्याच्या तुंगार्लीत किंवा पवना धरणाच्या काठावर बंगला भाड्याने द्यायचा असला की मालक बंदोबस्तात कसर ठेवत नाही. दगडी कंपाउंड, त्यावर काचा, गेटवर केअरटेकर, केअरटेकरवर नजर ठेवायला कॅमेरा आणि कॅमेऱ्यावर नजर ठेवायला मुंबईत बसलेले शेठ. पार्टी निघताना टॉवेलसुद्धा मोजून घेतले जातात. त्याच बंगल्याच्या वेबसाइटचा अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणजे बंगल्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो शेठना ठाऊक असतो, पार्टनरला ठाऊक असतो, केअरटेकरला, एकदाच येऊन गेलेल्या फोटोग्राफरला आणि ज्याने साइट केली त्या भाच्यालाही ठाऊक असतो. भाचा सध्या बंगळुरूला नोकरी करतो आणि मामाचा फोन शक्यतो उचलत नाही.

हे निदान मावळात तरी घडायला नको होतं. मळवली स्टेशनात उतरून समोर पाहिलं की लोहगड दिसतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडल्याशिवाय वर जाता येत नाही, आणि वाट अशी नागमोडी नेली आहे की दरवाजाकडे येणारा तटावरच्यांच्या माऱ्यात आपसूक सापडतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत लोहगडही आहे. सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. चार दरवाजे कशाला, एक पुरला नसता का, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. एक पडला तरी पुढचा उभा असावा, एवढं साधं ते गणित आहे.

बंगलेवाल्यांचा एकाच दरवाजावर विश्वास. साइटच्या पत्त्याशेजारी ब्राउझर जे छोटं कुलूप दाखवायचा, ते त्यांच्या मनात कायमचं ठसलं आहे. "आपली साइट सिक्युअर आहे, कुलूप आहे," असं ते सांगतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की पाहुणा आणि साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे साव बसलाय की चोर, हे त्यातून कळत नाही. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ पासून या कुलपामागचं प्रमाणपत्र फुकट देते. बंगल्याचे फोटो उचलून बनावट बुकिंग साइट थाटणारे भामटेही ते आवर्जून घेतात. पर्यटकांना अशा बनावट साइटांपासून सावध करायला केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता.

नुसता फोटो आणि फोन नंबर दाखवणारी साइट फारसं कुणाचं ऐकून घेत नाही. बुकिंगची साइट मात्र अनोळखी माणसाने जे लिहिलं ते घेऊन थेट डेटाबेसकडे जाते. नावाच्या चौकटीत नाव आलं तर ठीक. एखाद्याने तिथे एक अवतरणचिन्ह टाकून पुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची खूण लिहिली, तर बेसावध साइट तिला हुकूम समजते. एक बरोबर एक हे प्रत्येक नोंदीच्या बाबतीत खरंच असल्यामुळे डेटाबेस इमानेइतबारे सगळ्या नोंदी पुढे करतो: कोण, कोणत्या शनिवारी, किती जणांसह आणि कोणत्या मोबाइल नंबरवरून. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून ते जगाला माहीत आहे आणि त्याचा उताराही तितकाच जुना: पाहुण्याचं लिखाण आणि डेटाबेसचा हुकूम एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. या उताऱ्याला एक रुपयाही लागत नाही. पण भाच्याने कोड एका व्हिडिओवरून उतरवला होता आणि त्या व्हिडिओत तो भाग नव्हता.

पुढची गंमत भाड्याची. शनिवारचा दर समजा पंचवीस हजार. हा आकडा फॉर्मच्या पोटात लपवून पाहुण्याच्याच ब्राउझरकडे सोपवला, तर खटपट्या पाहुणा तो पंचवीस रुपये करून परत पाठवतो आणि साइट "धन्यवाद, आपलं बुकिंग पक्कं" म्हणून मोकळी होते. काही साइटांवर तर पाहुण्याला तेवढीही तसदी घ्यावी लागत नाही. 'पैसे मिळाले' हे पान थेट उघडलं तरी त्या तारीख अडकवून टाकतात. दर आपल्याच सर्व्हरने काढावा आणि पैसे आल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून, डिजिटल सहीसकट आलाय का ते तपासावं, हा धंद्याचा पहिला नियम. लोणावळ्यात पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाहून गेट उघडतात, तिथे सही कोण तपासणार?

खोट्या होकाराची किंमत पुण्याच्या कॉसमॉस बँकेने मोजली आहे. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी आणि १३ ऑगस्टच्या सोमवारी मिळून बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्यातला मोठा हिस्सा २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढला गेला. घुसखोरांनी बँकेच्या यंत्रणेत खोटा स्विच उभा केला होता. एटीएम विचारायचं, पैसे देऊ का? तो प्रश्न खात्यापर्यंत पोचायच्या आतच खोटा स्विच 'दे' म्हणायचा. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेची ही गत, आणि इथे शेठ म्हणतात, "आपल्या चिमुकल्या साइटमध्ये कोण घुसतंय?"

मुद्दाम कुणी घुसत नाही, हे खरंच. रात्रंदिवस इंटरनेटवर फिरणारे प्रोग्राम दिसेल त्या साइटचं दार वाजवतात. बंगला कुणाचा, चिक्की कुणाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. आतलं प्लगिन जुनं आहे का, एवढंच ते बघतात. मग एके दिवशी गूगलवर चिक्कीच्या दुकानाचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं आणि नकली ब्रँडच्या वस्तूंच्या जाहिराती दिसू लागतात. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गूगलने त्यावर स्वतंत्र मार्गदर्शिका लिहिली आहे. मालकाला वाटतं, निर्यात सुरू झाली.

अपडेटचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "चालतंय ना? मग हात लावू नका." साइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ज्या ७.४ आवृत्तीवर चालते, तिची देखभाल तिच्या कर्त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबवली, हे कुणाच्या गावी नसतं. हात न लावण्याचा हा बाणा अमेरिकेत इक्विफॅक्स नावाच्या बड्या कंपनीनेही दाखवला होता. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या फटीवरचा इलाज मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला, कंपनीने तो लावला नाही, मे महिन्यात चोर आत आले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती घेऊन गेले.

बंगल्याच्या साइटवरून न्यायला काय आहे म्हणाल, तर आधार कार्डं. डेबिट-क्रेडिट कार्डांचे नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना मनाई केली, म्हणून तेवढं वाचलं. आधारचे फोटो मात्र चेक-इनच्या नावाखाली गोळा होतात आणि सर्व्हरवरच्या उघड्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत वाटलेला असे, एकट्याच्या लहरीवर गड जाऊ नये म्हणून. इथे जो पासवर्ड केअरटेकरला, तोच फोटोग्राफरला, आणि त्या एका पासवर्डवर अख्खा गड.

आता रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आठवा. गडाचे दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री अवघड कड्यावरून उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि त्या जागी बुरूज बांधला. फट दाखवणाऱ्याला बक्षीस आणि फटीला बांधकाम, दोन्ही एका दमात. गूगल २०१० पासून आपल्या साइटांतल्या फटी दाखवणाऱ्यांना बक्षिसं देते.

आजच्या हिरकणीने लोणावळ्यात फोन करून पाहावा. "दादा, तुमच्या साइटवर सगळ्या पाहुण्यांची आधार कार्डं उघडी दिसताहेत." पहिलं उत्तर, "तुम्ही कोण?" दुसरं, "तुम्हाला तिथं बघायला कुणी सांगितलं?" तिसरं वकिलाच्या लेटरहेडवर येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने, परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे नोटिशीला धारही असते. अशी फट सरकारच्या सर्ट-इन संस्थेकडे कळवायची रीतसर सोय आहे. पण ती शहाण्या हिरकणीला. भोळी हिरकणी पोलीस चौकीत बसते आणि फोल्डर उघडंच राहतं.

कायदा शेठनाही सोडत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायचे असतात. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमवरून बाजारात येईपर्यंतच त्या सहा तासांतला बराचसा वेळ संपतो, भाचा फोनवर सापडणं तर दूरच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्यात माहिती जपण्यात हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लोणावळ्यातले दर कितीही चढले असले तरी एवढे पैसे एका बंगल्यातून निघायचे नाहीत.

तेव्हा शेठ, पावसाळ्याच्या बुकिंगआधी एवढं करून घ्या. पासवर्ड बदला, प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि ज्याचं काम संपलं त्याचं खातं बंद करा. लॉगिनला मोबाइलवरचा कोड जोडा. प्लगिन अद्ययावत करा. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा आणि त्यातून साइट एकदा प्रत्यक्ष उभी करून पाहा. मुक्काम झालेल्या पाहुण्यांची आधार कार्डं काढून टाका. फट दिसली तर कळवा म्हणून एक ई-मेल पत्ता साइटवर द्या आणि कळवणाऱ्याचे आभार माना. कुणाची फसवणूक झाली तर त्याला वाद घालत बसवू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. आणि स्विमिंग पूल साफ करणाऱ्याला जसे दरमहा पैसे देता, तसे साइट सांभाळणाऱ्यालाही द्या.